कासवांचे कवचरोग

कासवांचे कवचरोग : कासवाच्या पाठीवरील वा पोटाखालील कवचात सूक्ष्मजंतू अथवा कवके (बुरशी व तत्सम सजीव) शिरल्याने त्याचे शृंगी आवरण आणि त्याखालील हाड यांचा जो ऱ्हास होतो, त्याला सामान्यतः कवचरोग किंवा कवचकुज म्हणतात. हा ठराविक जंतूमुळे होणारा एकच रोग नसून, निरनिराळ्या कारणांनी उद्‌भवणाऱ्या आणि कमीअधिक खोलीपर्यंत पोहोचणाऱ्या विकारांचा तो गट आहे. वरवरचा विकार काही आठवड्यांत आटोक्यात येतो. मात्र संसर्ग हाडात उतरल्यास उपचार अनेक महिने चालू ठेवावे लागतात आणि तो रक्तात पसरल्यास कासव दगावण्याचा संभव असतो. जमिनीवरील व पाण्यातील अशा दोन्ही प्रकारच्या कासवांना हे रोग होतात [⟶ कासव]. प्रस्तुत नोंदीत भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशांतून आणून ब्रिटनमध्ये पाळल्या गेलेल्या, टेस्टुडो वंशातील भूकासवांच्या कवचरोगांचे मुख्यतः विवेचन केले आहे. ही कासवे पाळण्याचा तेथील अनुभव दीर्घ असून त्यांच्या रोगांचा अभ्यासही बराच झालेला आहे.

कवच म्हणजे कासवाचे घर असून ते निर्जीव व संवेदनाहीन असते, हा समज जुना व सर्वत्र रूढ आहे. या समजापोटीच कवचाच्या मागील कडेला भोक पाडून त्यात दोरी ओवणे व कासव बागेत बांधून ठेवणे, कवचावर रंगाने नाव लिहिणे, चकाकीसाठी त्याला तेल चोळणे इ. प्रकार केले जात. वस्तुतः कवच हा जिवंत अवयव आहे. कवचरोगांचे स्वरूप, ते सावकाश बरे होण्याचे कारण आणि त्यांच्या प्रतिबंधाचे उपाय या सर्वांचा उलगडा कवचाच्या रचनेवरून व कासवाच्या शरीरक्रियेवरून होतो.

पार्श्वभूमी : इंग्रज निसर्गाभ्यासक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–९३) यांच्याकडे सेलबर्न या गावी टिमथी नावाचे एक भूमध्य कासव होते. १७८० मध्ये आत्याच्या मृत्यूनंतर ते त्यांच्याकडे आले. टिमथी हे पुरुषी नाव असले, तरी ते कासव मादी होते, हे पुढे उघडकीस आले. १७९४ मध्ये ते मरण पावले व त्याचे कवच लंडन येथील निसर्गेतिहास संग्रहालयात जतन करून ठेवलेले आहे. शरद ऋतूतील मंद ऊन मिळविण्यासाठी हे कासव बागेच्या भिंतीला टेकून आपले कवच सूर्याकडे कलते करीत असे, अशी व्हाइट यांची नोंद आहे. उष्ण व कोरड्या प्रदेशातील प्राणी थंड व दमट हवामानात आणला असता त्याला उष्णतेसाठी किती धडपड करावी लागते, याचे हे जुने व बोलके उदाहरण होय.

विसाव्या शतकात उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान व तत्कालीन यूगोस्लाव्हिया येथून ब्रिटनमध्ये कासवांची फार मोठ्या प्रमाणावर आयात झाली. प्रवासात एकावर एक रचून ठेवल्याने त्यांच्या कवचांना इजा होत असे आणि बरीचशी कासवे नव्या देशातील पहिल्याच हिवाळ्यात मरत. यूरोपीय आर्थिक समुदायाच्या नियमांनुसार १९८४ पासून टेस्टुडो ग्रेका (काटेरी मांडीचे कासव), टेस्टुडो हर्मनाय व टेस्टुडो मार्जिनेटा या जातींच्या रानातून पकडलेल्या कासवांच्या व्यापारावर निर्बंध आले. त्यानंतर बंदिवासात जन्मलेली कासवे पाळण्याकडे कल वाढला. त्यामुळे आयातीतील जखमांचे प्रमाण घटले. परंतु निवाऱ्यातील दोषांमुळे होणारे कवचरोग मात्र आजही आढळतात.

कवचाची रचना : कवचाचे दोन प्रमुख भाग असतात. पाठीवरील घुमटाकार भागास पृष्ठवर्म व पोटाखालील सपाट भागास अधरवर्म म्हणतात. दोन्ही बाजूंस हे भाग अस्थिमय सेतूंनी जोडलेले असतात. पृष्ठवर्मात बरगड्या व पाठीचे मणके एकजीव झालेले असल्यामुळे कासवाला कवचातून बाहेर येणे अशक्य असते. तसा प्रयत्न म्हणजे सांगाडाच बाहेर काढण्यासारखे होय.

कवच तीन थरांचे बनलेले असते. सर्वांत बाहेर केराटिनाचे (नखे व शिंगे ज्या द्रव्याची बनलेली असतात त्याचे) शृंगी पट्ट असतात. त्यांच्या खाली जिवंत कोशिकांचा (पेशींचा) पातळ थर असून त्यात रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जातंतू) असतात. या थराखाली हाडांच्या तबकड्या असतात. शृंगी पट्टांमधील सांधे आणि हाडांमधील सांधे एकावर एक येत नाहीत. विटांच्या भिंतीतील सांध्यांप्रमाणे ते एकमेकांस चुकवितात व त्यामुळे कवचाला बळकटी येते. मधल्या जिवंत थरापासून नवे केराटीन तयार होते. पाण्यातील पुष्कळ कासवांचे जुने पट्ट वेळोवेळी गळून पडतात. भूकासवांत मात्र ते सहसा गळत नाहीत. नवा भाग जुन्याच्या कडेने वाढत जातो आणि पट्टावर एकाभोवती एक अशी कडी दिसतात. वाढत्या कासवात दोन पट्टांमधील रेषा फिकट वा पांढुरकी दिसते. ही नवी वाढ असून रोगाचे लक्षण नव्हे. नवख्या पाळणाऱ्यांचा येथे बऱ्याच वेळा घोटाळा होतो.

या रचनेवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, शृंगी पट्ट अभंग असेपर्यंत तो जंतूंना चांगला अडसर करतो. पण त्याला तडा गेल्यास किंवा तो सतत ओला राहून मऊ झाल्यास जंतूंना जिवंत थराकडे वाट मिळते. दुसरी म्हणजे, या दोन थरांची जाडी अल्प असल्याने शृंगी थरापासून हाडापर्यंतचे अंतर फार थोडे असते. म्हणूनच कवचावरील लहानसा डागही दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

कारणे : कवचरोगांच्या कारणांचे पूर्वप्रवर्तक (रोगास वाट करून देणारी) आणि प्रत्यक्ष रोगकारक असे दोन वर्ग करता येतात. उपचार व प्रतिबंध या दोन्ही दृष्टींनी पहिला वर्ग अधिक महत्त्वाचा आहे, कारण कवचात सापडणारे बहुतेक जंतू कासवाच्या परिसरात नेहमीच असतात व निरोगी कवचावर त्यांचे काही चालत नाही.

पूर्वप्रवर्तक कारणांत जखमांचा क्रम पहिला लागतो. कुत्र्याचा चावा, गवत कापण्याच्या यंत्राचा आघात, उंचावरून पडणे, दगडी कडांवर सतत घासले जाणे यांमुळे पट्ट फुटतात. टेस्टुडो वंशातील नर विणीच्या काळात मादीच्या कवचाच्या मागील भागावर आपल्या कवचाने वारंवार धडका देतात. लहान कुंपणात मादीला दूर जाण्यास जागा नसते व एकाच ठिकाणी आघात होऊन तेथील पट्ट सैल होतात. म्हणूनच शेपटीवरील पट्टाभोवती रोगाची सुरुवात पुष्कळदा आढळते. उष्णतेचा दिवा फार खाली टांगल्यास पाठीवरील सर्वांत उंच भाग भाजतो. हे भाजणे लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी पट्ट उचलला जाऊन त्याखाली मृत हाड उघडे पडते. रानातून आणलेल्या टेस्टुडो ग्रेका जातीच्या कासवांवर हायलोमा इजिप्टियम या जातीच्या गोचिडी आढळतात. त्या मुख्यतः पायांच्या मुळाशी व शेपटीजवळच्या त्वचेवर चिकटतात व त्यांच्या दंशाच्या जागीही संसर्ग होऊ शकतो.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे ओल व अस्वच्छता. विष्ठा व मूत्र यांनी भिजलेल्या जमिनीवर कासव दिवसचे दिवस बसून राहिल्यास अधरवर्माचे शृंगी पट्ट मऊ पडतात. कासवाचे पोट जमिनीला टेकलेले असल्याने हा भाग पाळणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. कवचावर रंग, रोगण वा तेल लावल्याने त्यावर धूळ चिकटते, त्याखाली जंतूंना आसरा मिळतो व पट्टांमधील बदल झाकले जातात.

तिसरे कारण म्हणजे थंडी. कासव हे अनियततापी असून त्याच्या शरीराचे तापमान परिसराच्या तापमानानुसार बदलते. भूमध्य कासवे उन्हात बसून शरीराचे तापमान सु. ३०° से.पर्यंत वाढवितात. या तापमानाला त्यांचे पचन, हालचाल व रोगप्रतिकार या क्रिया व्यवस्थित चालतात. तापमान दीर्घकाळ त्याहून बरेच कमी राहिल्यास प्रतिकारशक्ती मंदावते. उलट अनेक जंतू व कवके मध्यम तापमानाला वाढतच राहतात. थंडी व ओल एकत्र आल्या म्हणजे रोगाला सर्वांत अनुकूल परिस्थिती निर्माण होते. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या न्यूनतेमुळे हाडे मऊ होतात, असे कवच आघाताला टिकत नाही. आहारात अ जीवनसत्त्वाची न्यूनता असल्यास आच्छादक ऊतकाची (समान कार्य करणाऱ्या कोशिकांच्या समूहाची) वाढ बिघडते.

प्रत्यक्ष रोगकारकांत ग्रॅम-ऋण सूक्ष्मजंतूंचे प्राबल्य असते. स्यूडोमोनस, एरोमोनस, क्लेब्सिएला, प्रोटियस, सिट्रोबॅक्टर इ. प्रजाती रोगट भागात आढळतात. बहुधा एकाहून अधिक प्रकारचे जंतू एकत्र असतात आणि खोल पोकळीत ऑक्सिजनाविना वाढणारे जंतूही सापडतात. सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडाय या सूक्ष्मजंतूशी निगडित असलेल्या, पाण्यातील कासवांच्या त्वचेवर व कवचावर व्रण पाडून रक्तात पसरणाऱ्या रोगाचे वर्णन १९५७ मध्ये झाले. कवकांपैकी फ्यूजेरियम, ॲस्परजिलस व म्यूकर यांच्या प्रजाती आढळल्या आहेत. पाण्यातील कासवांच्या कवचरोगाशी संबंधित अशा एमिडोमायसीझ टेस्टॅव्होरन्स या कवकाचे वर्णन २०१९ मध्ये करण्यात आले.

कवचाचा प्रत्येक विकार संसर्गजन्य असतोच असे नाही. अमेरिकेतील मोहाव्ही व कॉलोराडो वाळवंटांतील गोफेरस अगासिझाय जातीच्या रानकासवांत अधरवर्मापासून सुरू होऊन पसरणारा, पट्ट करडे व खवलेदार करणारा विकार विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासिला गेला. त्यात कोणताही रोगजंतू कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले नाही व विषारी द्रव्ये किंवा पोषणातील न्यूनता यांचा संशय व्यक्त झाला. यावरून केवळ दिसण्यावरून औषध ठरविणे कसे धोक्याचे आहे, हे लक्षात येते.

लक्षणे : व्यवहारात कवचकुजीचे कोरडी व ओली असे दोन प्रकार मानतात. कोरड्या प्रकारात पट्टावर पांढरे, करडे वा पिवळसर ठिपके पडतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक खड्डे पडतात व नखाने खरवडल्यास खडूसारखा भुगा निघतो. हा प्रकार बहुधा सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पट्ट सैल होऊन उचलला जातो, दाबल्यास त्याखालून पाणीदार वा रक्तमिश्रित द्रव येतो व दुर्गंधी सुटते. कासवांचा पू सस्तन प्राण्यांच्या पुवासारखा पातळ नसून चिजासारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही. खोल संसर्गात हाड मऊ व तपकिरी होते आणि त्याचे मृत तुकडे सुटतात. अतिशय खोल व्रणातून शरीरगुहेवरील पातळ पटल दिसू शकते.

अधरवर्माच्या पट्टांखाली पसरलेली लालसर वा जांभळट झाक हे जंतुरक्ततेचे (रक्तात सूक्ष्मजंतू पसरल्याचे) लक्षण असू शकते. त्याच्या जोडीला कासव खात नाही, डोळे मिटून राहते, मान व पाय आत ओढण्याचा जोर कमी होतो. अशा कासवास त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.

निदान : पशुवैद्य प्रथम कवच कोमट पाण्याने व मऊ ब्रशाने स्वच्छ करून बोथट शलाकेने प्रत्येक संशयास्पद भाग चाचपतो. बाहेरून चण्याएवढा दिसणारा डाग पट्टाखाली पुष्कळ पसरलेला असू शकतो. खरवडून काढलेल्या द्रव्याची सूक्ष्मदर्शकाने तपासणी केल्यास कवकतंतू वा सूक्ष्मजंतू दिसतात. जंतूंचे संवर्धन करून त्यांच्यावर कोणती प्रतिजैव द्रव्ये परिणामकारक आहेत, हे ठरवितात. नमुना पृष्ठभागावरून न घेता स्वच्छ केलेल्या व्रणाच्या तळापासून घ्यावा लागतो. अन्यथा मातीतील जंतूच हाती येतात. हाडाचा सहभाग क्ष-किरण छायाचित्राने वा संगणकीय छेदचित्रणाने समजतो. रक्ततपासणीने मूत्रपिंडांचे कार्य व जंतुरक्तता यांची कल्पना येते. कासवाच्या निवाऱ्याची, तापमानाची व आहाराची चौकशी हा निदानाचाच भाग होय.

उपचार : उपचाराची चार अंगे आहेत : योग्य तापमान व जलपूर्ती, मृत भाग काढून टाकणे, स्थानिक औषधे आणि आवश्यक असल्यास शरीरांतर्गत औषधे. यांपैकी पहिले अंग साधले नाही, तर उरलेल्या तिन्हींचा उपयोग मर्यादित राहतो.

आजारी कासवास इतरांपासून वेगळे करून धुता येईल अशा खोक्यात कागदावर वा स्वच्छ कापडावर ठेवतात. माती, भुसा व वाळू जखमेत जात असल्याने त्या काळात वापरीत नाहीत. खोक्याच्या एका टोकास दिव्याखाली सु. ३०°–३२° से. व दुसऱ्या टोकास त्याहून कमी तापमान ठेवतात, म्हणजे कासव आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडते. रात्रीही तापमान फार उतरू देत नाहीत. प्रतिजैव द्रव्यांचे शरीरातील शोषण व उत्सर्जनही तापमानावर अवलंबून असल्याने थंड ठेवलेल्या कासवात ठरविलेली मात्रा अपेक्षित परिणाम देत नाही. दररोज वा एक दिवसाआड उथळ कोमट पाण्यात बसविल्याने कासव पाणी पिते. मात्र खोल व्रण असल्यास अशा वेळी तो पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी दक्षता घ्यावी लागते व नंतर कवच पूर्ण कोरडे करावे लागते.

सैल पट्ट, भुगा, घट्ट पू व मृत हाड निरोगी भाग लागेपर्यंत काढून टाकणे ही उपचारातील मुख्य क्रिया होय. कवचात तंत्रिका असल्याने ही क्रिया वेदनादायक असते. वरवरचा भुगा काढणे सोडल्यास ती वेदनाशामक वा शुद्धिहारक औषधे देऊन पशुवैद्यानेच करावयाची असते. घरी चाकूने वा सुईने कवच कोरल्यास निरोगी हाडाला इजा होते व संसर्ग खोल जातो. स्वच्छ केलेला भाग सौम्य पोव्हिडोन-आयोडिनाच्या किंवा क्लोरहेक्सिडिनाच्या विद्रावाने धुतात व कोरडा करून सिल्व्हर सल्फाडायझिनाचे १% मलम लावतात. कवकजन्य विकारात क्लोट्रिमाझोलासारखी कवकनाशके वापरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट व तीव्र आयोडीन यांनी नव्या कोशिका मरत असल्याने त्यांचा वारंवार वापर टाळतात.

संसर्ग हाडात उतरला असल्यास अथवा जंतुरक्ततेचा संशय असल्यास प्रतिजैव द्रव्ये सामान्यतः अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) देतात. सेफ्टाझिडीम हे द्रव्य कासवाच्या शरीरातून सावकाश बाहेर पडत असल्याने ते बहुधा तीन दिवसांतून एकदा देणे पुरते. ॲमिकासीन हे प्रभावी असले, तरी मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकत असल्याने कासवाची जलपूर्ती झाल्यावरच ते वापरतात. एन्रोफ्लोक्सासिनाच्या अंतःक्षेपणाच्या जागी ऊतकाला इजा होण्याचा संभव असतो. मात्रा वजनावर अवलंबून असल्याने कासवाचे अचूक वजन करावे लागते. गोचिडी, जंत वगैरेंसाठी गुरांना व कुत्र्यांना देण्यात येणारे आयव्हरमेक्टीन कासवांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्याने कासवांना पक्षाघात होतो व ती मरतात, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. गोचिडी चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढाव्यात.

फुटलेले कवच काचतंतू व राळ यांनी बंद करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय होती. जखम ताजी व पूर्ण निर्जंतुक असल्याखेरीज ती हानिकारक ठरते, असे पुढे अनुभवास आले. कारण बंद आवरणाखाली ऑक्सिजनाविना वाढणाऱ्या जंतूंना मोकळीक मिळते व बाहेरून सर्व ठीक दिसत असताना आत हाड कुजत राहते. त्यामुळे दूषित जखम आता उघडी ठेवून किंवा हवा खेळती राहील अशा पट्टीने झाकून उपचार करतात. उन्हाळ्यात अशा जखमेवर माश्या अंडी घालतात व एकदोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून बरे होईपर्यंत कासवाला घरात किंवा जाळीखाली ठेवणे आवश्यक असते.

भरून येण्याची क्रिया : कासवांचा चयापचय (शरीरातील रासायनिक घडामोडी) मंद असल्याने कवच फार सावकाश भरून येते. व्रणाच्या कडेने प्रथम नवे आच्छादक ऊतक सरकत येते व त्यावर केराटीन धरते. मोठ्या व्रणात मृत हाडाचा थर काही काळ नव्या ऊतकावर खपलीसारखा राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षाने, सुटून पडतो. तो ओढून काढण्याची घाई करू नये. खोल व्रण पूर्ण भरण्यास एक ते दोन वर्षेही लागतात. नवा पट्ट पूर्वीइतका रेखीव नसतो, पण तो कठीण, कोरडा व गंधरहित असल्यास रोग बरा झाला असे समजतात. पाळणाऱ्यांनी एकाच कोनातून दर पंधरा दिवसांनी छायाचित्रे काढून ठेवल्यास सुधारणा वा बिघाड निश्चितपणे कळतो. दोनतीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून औषध सोडून देणे, हे रोग उलटण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

प्रतिबंध : ब्रिटनसारख्या देशात भूमध्य कासवासाठी उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी व उतरती जागा निवडतात. केवळ हिरवळीवर ठेवल्यास सकाळचे दव व पाऊस यांनी पोट ओले राहते. म्हणून कुंपणात दगडगोट्यांचा व वालुकामिश्रित मातीचा कोरडा उंचवटा, तसेच छप्पर असलेले कोरडे व उबदार घर ठेवतात. घरातील आच्छादनावरील विष्ठा रोज काढतात. कडा बोथट व चढण सौम्य ठेवल्यास कासव उलटण्याचा व घासण्याचा धोका कमी होतो.

कोरडेपणाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. पिलांना अतिशय कोरड्या हवेत वाढविल्यास त्यांचे पट्ट पिरॅमिडाप्रमाणे उंचावतात. आफ्रिकेतील मोठ्या काटेरी कासवाच्या पिलांवर केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवेतील आर्द्रतेचा या विकृतीशी निकटचा संबंध दिसून आला. रानात पिले किंचित दमट मातीत व झुडपांच्या मुळाशी लपून राहतात. तेव्हा लपण्याची जागा स्वच्छ व किंचित दमट आणि उन्हाची जागा कोरडी, अशी दोन्हींची सोय हवी. अपाय करते ती हवेतील आर्द्रता नव्हे, तर थंड, घाण व सतत ओली जमीन.

घरात ठेवलेल्या कासवाला २९०–३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण देणारा दिवा लागतो. या किरणांमुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे काचेआडचे ऊन पुरेसे ठरत नाही. कालांतराने दिवा पेटत असूनही हे किरण कमी होतात. म्हणून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे तो बदलावा लागतो. आहारात रानटी पालेभाज्या, सिंहपर्णी, क्लोव्हर यांसारख्या तंतुमय वनस्पती असाव्यात व फॉस्फरसापेक्षा कॅल्शियम अधिक मिळावे. कुत्र्यामांजरांचे अन्न भूकासवांना घालू नये.

नर व माद्या वेगळ्या ठेवणे किंवा एका नरामागे अनेक माद्या व पुष्कळ जागा देणे हा धडकांच्या जखमा टाळण्याचा उपाय होय. निरनिराळ्या जातींची कासवे एकत्र ठेवू नयेत. नवे कासव आणल्यावर ते काही महिने विलग ठेवतात. आठवड्यातून एकदा कासव उचलून त्याचे अधरवर्म, शेपटीवरील पट्ट व पायांच्या मुळाकडील भाग पाहण्याची, तसेच महिन्यातून एकदा वजन नोंदविण्याची सवय सर्वांत उपयुक्त ठरते. कवचाला तेल, मेण वा रंग लावू नये. साध्या पाण्याने पुसणे पुरेसे असते.

शीतनिष्क्रियतेपूर्वी (हिवाळ्यातील दीर्घ निद्रेपूर्वी) कवचाची तपासणी अत्यावश्यक असते. भूमध्य कासवे या काळात सु. ५° से. तापमानाला ठेवतात. त्या तापमानाला रोगप्रतिकार जवळजवळ थांबतो व जखम भरून येत नाही. यामुळे कवचरोग असलेले वा वजनाने कमी असलेले कासव झोपवू नये. त्याला तो हिवाळा उबदार जागेत, खात्यापित्या स्थितीत काढू द्यावा. वजन व कवचाची लांबी यांच्या गुणोत्तरावरून भूमध्य कासवांची प्रकृती अजमाविण्याची पद्धत ब्रिटिश पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी १९८० च्या सुमारास मांडली. आजारामुळे झालेली सूज वा मादीच्या पोटातील अंडी यांमुळे ती फसवी ठरू शकते, म्हणून प्रत्यक्ष तपासणीला ती पर्याय नाही.

माणसाचे आरोग्य : निरोगी दिसणाऱ्या कासवांच्याही आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७५ मध्ये सु. १० सेंमी.पेक्षा कमी लांबीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. कासव वा त्याची जखम हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

भारतातील स्थिती : भारतात व श्रीलंकेत आढळणारे चांदणी कासव पाठीवरील पिवळ्या किरणांसारख्या रेषांमुळे पाळण्यासाठी चोरून पकडले जाते. चिकटपट्टीने गुंडाळून व सामानात दाटीने भरून त्याची चोरटी वाहतूक होते. तीत कवचाला इजा होते व जंतुसंसर्गाला वाव मिळतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हे कासव पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये त्याचा समावेश संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार या कराराच्या परिशिष्टांतील जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते. जखमी वा कवच कुजलेले देशी कासव सापडल्यास त्यावर घरी उपचार करू नयेत किंवा ते विहिरीत वा तळ्यात सोडू नये. पुष्कळशी भूकासवे खोल पाण्यात बुडून मरतात. त्याला हवा लागेल अशा कोरड्या खोक्यात ठेवून वन खात्याच्या स्वाधीन करावे.